आधी चातुर्मास लिहा

नागपूरच्या सदरमध्ये आवाजाचं काम करायचं तर गोंगाटाचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या आणि गोधड्या टांगलेल्या, खिडकीला दुहेरी पडदा. २०२० च्या जानेवारीत सदरचा उड्डाणपूल सुरू झाला, पण खालचे हॉर्न काही कमी झाले नाहीत. मंगळवारी बाजारातली गर्दी, रविवारी चर्चची घंटा, लग्नसराईत वराती हे सगळं सांभाळून काम करायचं. मे महिन्यात तर कूलर बंद केला की बोलणारा घामानं निथळतो आणि चालू ठेवला की दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी सहाला रेकॉर्डिंगला बसतो. कंडेन्सर माईक विकून डायनॅमिक घेतला, कारण कंडेन्सर शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीसुद्धा इमानेइतबारे पकडायचा.

या खोलीत मी जाहिराती आणि माहितीपटांसाठी आवाज देते. त्याआधी काही वर्षं आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर कॅज्युअल अनाउन्सर होते. गेली काही वर्षं याच खोलीत एक मराठी पॉडकास्टही चालतो. कलेवर पोट असलेल्या माणसांच्या मनःस्वास्थ्याबद्दल तो आहे. पोस्टरवर ज्यांचं नाव शेवटच्या ओळीत असतं किंवा नसतंच, अशी माणसं त्यात बोलतात: वादक, मूर्तिकार, लग्नाचे फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, झाडीपट्टीतले नट, वर्तमानपत्रात रात्रपाळी करणारे उपसंपादक. नावाजलेल्या माणसांच्या दिलखुलास मुलाखती मराठीत आता भरपूर आहेत. 'मित्रम्हणे', 'व्हायफळ', 'अमुक तमुक' हे पॉडकास्ट मीही ऐकते. पण माझ्या फोनवर ज्यांचे आवाज येत होते ती माणसं तिथं कधी पोचली नसती.

ते फोन टाळेबंदीत सुरू झाले. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि शेवटी २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. या काळात प्रकाशयोजना करणाऱ्या एका मित्रानं आपले डिमर आणि स्पॉट विकले. ज्या भावात विकले तो आकडा सांगताना तो हसत होता. रोज कुणाचा तरी फोन यायचा. सुरुवात 'काही व्हॉइसओव्हर आहे का?' अशी व्हायची आणि मग तासभर बोलणं चालायचं. त्यातलं कामाचं बोलणं पाच मिनिटांचं. आकाशवाणीत शिकलेली एक गोष्ट मला येत होती: समोरच्याला बोलतं ठेवणं. पॉडकास्टला परवाना लागत नाही, मनोरा लागत नाही. तेव्हा सुरू केला.

सुरुवातीचे प्रश्न मुलाखतींत नेहमी असतात तसलेच होते. कठीण काळात कलेनं तुम्हाला कसं सावरलं? तुमच्या वेदनेतून काय जन्माला आलं? पाहुणेही सराईत. 'कला हेच माझं औषध' असं म्हणायचे आणि दोघंही समाधानानं चहा प्यायचो. ते भाग आजही ऐकायला बरे वाटतात, पण त्यांत कळत काहीच नाही.

मग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा एक जण आला. पन्नाशीकडे झुकलेला, हाताची बोटं सतत टेबलावर काहीतरी वाजवणारी. मी नेहमीप्रमाणे काळोखाबद्दल, एकटेपणाबद्दल विचारलं. त्यानं हात वर करून मला थांबवलं. "ताई, ते दुःख-गिख नंतर. आधी चातुर्मास लिहा."

मग त्यानंच मला त्याचं वर्ष समजावून सांगितलं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नाहीत. मध्ये गणपती-नवरात्रात थोडंफार काम, त्यांच्यामधला पितृपक्ष कोरडा ठाक. तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा सीझन. "पण कीबोर्डच्या हप्त्याले चातुर्मास नसते. पोरीच्या फीलेही नसते." गेली कित्येक वर्षं आषाढ लागला की त्याची झोप उडायची, बायकोशी भांडणं व्हायची, तो गच्चीवर जाऊन बसायचा. तुळशीच्या लग्नापर्यंत सगळं आपोआप निवळायचं. तो म्हणाला, "डॉक्टरले वाटून राहिलं, मले पावसाचा त्रास आहे."

हसून झाल्यावर मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. माणूस बारीकसारीक निरीक्षणं देत होता. कधी बिघडतं, किती दिवस बिघडतं, कशानं सुधारतं. डॉक्टरला हवी असते तशी नोंद होती ती, पण त्याला कुणी महिना विचारलाच नव्हता. सगळ्यांनी मन विचारलं होतं.

त्यानंतर खोलीत एक मोठं भिंतीवरचं कॅलेंडर आलं, तिथी-मुहूर्तांसकटचं. माईक सुरू करण्याआधी पाहुण्यासोबत त्याच्यासमोर उभं राहायचं आणि पेन्सिलीनं खुणा करायच्या. कोणते महिने भरलेले, कोणते रिकामे, केलेल्या कामाचे पैसे प्रत्यक्ष हातात कधी येतात, झोप कधी मोडते. लग्नाच्या फोटोग्राफरला एप्रिल-मे-जूनमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात अल्बमची उरलेली रक्कम मागत फिरावं लागतं. चितारओळीतल्या मूर्तिकाराचं वर्ष गणपती आणि दुर्गेपाशी येऊन संपतं. हौशी नाटकवाल्याची दिवाळी राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमीत जाते. डिझायनर आणि प्रचारगीतवाल्यांनी २०२४ मध्ये एप्रिलची लोकसभा आणि नोव्हेंबरची विधानसभा अशा दोन निवडणुका रात्री जागून काढल्या आणि मधले महिने वसुलीत घालवले.

या खुणा शेजारी-शेजारी आल्यावर एक गोष्ट नजरेत भरली. एक जण उपाशी असतो तेव्हा दुसरा थकून पडलेला असतो, आणि दोघंही आपल्या अवस्थेला 'मूड नाही' एवढंच म्हणतात. रिकाम्या महिन्यातली भीती वेगळी आणि भरलेल्या महिन्यातला शीण वेगळा, त्यांचे इलाजही वेगळे. पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात: कलाकार माणूस, लहरी.

भरलेल्या महिन्यांचं मला सगळ्यात नीट समजावलं ते झाडीपट्टीत काम करणाऱ्या एका नटीनं. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा भातशेतीचा, जंगलाचा पट्टा. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या रंगभूमीचं ठाणं. कंपन्यांची कार्यालयं तिथंच, बुकिंगही तिथंच. दिवाळीनंतर गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरले, की जवळजवळ होळीपर्यंत नाटकं चालतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि तांबडं फुटेस्तोवर नाटक चालतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांना ही रंगभूमी पहिल्यांदा माहीत झाली. तिथं प्रेक्षक तिकीट काढून, घोंगडी पांघरून रात्रभर बसतो. पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्यांना हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे.

ती म्हणाली, सीझनमध्ये त्रास नसतो. गाडीत झोपायचं, दुपारी उठायचं, पुढचं गाव. टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअर. "खरा त्रास होळीनंतर. एप्रिलमध्ये रात्री तीनला मी टक्क जागी. घरचे सारे झोपून राहते. मेकअप नाही, एन्ट्री नाही. मग डोक्यात जे येते ते सारं रात्री तीनचंच असते." महिनाभर ती अशी जागायची. सासूला वाटायचं, हिला घरात करमत नाही. तिला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आमच्या पॉडकास्टला एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक सल्ला देतात, दोघंही नागपूरचेच. प्रत्येक भाग प्रसिद्ध होण्याआधी त्यांच्याकडे जातो. डॉक्टरांनी हा भाग ऐकून मला सांगितलं की यात सगळ्यात महत्त्वाचं झोपेचं आहे, ते कापू नका. चार-पाच महिने उलटी झालेली झोप होळीच्या दुसऱ्या दिवशी सरळ होत नाही. उठण्याची वेळ एकच धरायची, सकाळचं ऊन घ्यायचं आणि झोपेची वेळ थोडी थोडी अलीकडे आणत जायची. शिवाय ज्यांना द्विध्रुवी आजार आहे त्यांच्यासाठी सलग जागरण हे आजार उसळायचं एक निमित्त ठरू शकतं. आमच्या क्षेत्रात जागरणाची फुशारकी मारली जाते. तो भाग ऐकून एका तालीम मास्तरांनी रात्री बारापर्यंत चालणारी तालीम दहाला संपवायला सुरुवात केली. त्यामागे मनःस्वास्थ्याचा विचार होता की शेवटची बस, हे मी विचारलं नाही.

हे काही नागपूरपुरतं नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या सॅली-ॲन ग्रॉस आणि जॉर्ज मसग्रेव्ह यांनी २,२११ संगीत-व्यावसायिकांना प्रश्नावली दिली. त्यांतल्या ७१ टक्क्यांनी चिंतेचे किंवा घबराटीचे झटके आणि ६८.५ टक्क्यांनी नैराश्य अनुभवल्याचं सांगितलं. आपणहून उत्तरं देणाऱ्यांची पाहणी असल्यामुळे हे आकडे सगळ्यांना लावता येत नाहीत. पण पुढच्या मुलाखतींतून त्यांनी जे मांडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं: संगीत करणं माणसाला सावरतं, संगीतावर पोट भरणं त्याला मोडतं. आपल्याकडे निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत नव्हते. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत आपले शेजारी मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात होते, महाराष्ट्र नव्हता.

मराठीत या विषयावर कुणी बोललंच नव्हतं असंही नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांची ठाण्यातली आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ मध्ये 'देवराई'त स्किझोफ्रेनिया दाखवला आणि नंतर नैराश्यावरचा 'कासव' केला, त्याला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आजाराबद्दल बोलायची वाट या माणसांनी पाडली. आमच्यासाठी उरलं होतं ते कामाच्या अटींबद्दल बोलणं.

तरी फक्त पैसा आणि झोप यांवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. आजार खराच असतो, औषधंही खरी असतात, आणि हातावर पोट असलेल्या कलाकाराला औषधाची भीती वाटते ती नुसती अंधश्रद्धा नसते. मूर्ती रंगवणारा एक जण आमच्याकडे आला होता. मूर्तीचे डोळे आखणं हे त्याचं खास काम. इतर कारागीर मूर्तीच्या अंगाला रंग देतात, डोळ्यांसाठी मात्र त्यालाच बोलावतात. एका दमात, श्वास रोखून, पापणीची रेघ ओढायची. पुसून पुन्हा काढलेली रेघ लगेच ओळखू येते. त्याला औषधं सुरू झाली आणि हात थरथरायला लागला. गणपती तोंडावर आलेले. त्यानं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. गणपती पार पडले, दुर्गा पार पडली, आणि दसऱ्यानंतर त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं.

हा भाग कसा मांडायचा यावर आमचे बरेच वाद झाले. 'औषधं घ्या, भिऊ नका' एवढं सांगणं सोपं होतं. पण लिथियमसारख्या औषधानं हाताला बारीक कंप येऊ शकतो, ही वस्तुस्थिती आहे. डॉक्टरांनी ती माईकवर कबूल केली. ते म्हणाले, पेशंटनं पहिल्याच भेटीत आपला धंदा सांगितला पाहिजे. तबलजी आहे, डोळे आखतो, रात्री नाटक करतो, हे ठाऊक असेल तर मात्रा, वेळ, औषध यांत बदल करता येतो, आणि कंप आलाच तर त्यावरही काही करता येतं. परस्पर बंद करणं हा मात्र सगळ्यात महाग मार्ग. एवढ्या साध्या माहितीनं त्या माणसाचं एक वर्ष वाचलं असतं. कलाकारानं औषध घेतलं की त्याची कला बोथट होते, हे वाक्य मी अनेक मैफिलींत ऐकलं आहे. म्हणणाऱ्यांपैकी कुणालाच भरल्या सीझनमध्ये डोळे आखायचे नसतात.

लोक बोलायला लागले की खरी जबाबदारी सुरू होते, हे मला एका व्हिडिओ एडिटर मुलीनं शिकवलं. तिनं दोन तास मोकळेपणानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, आवाज घाबराघुबरा. घरात तिच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. बोलताना ती हे विसरली नव्हती, पण बोलण्याच्या भरात तिला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. मी रेकॉर्डिंग पुसलं. तेव्हापासून आमच्याकडे रिवाज आहे: संपादित भाग आधी पाहुण्यानं ऐकायचा, मग मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, आणि प्रसिद्ध होईपर्यंत कधीही, कारण न सांगता, त्याला नको म्हणता येतं. नंतर म्हणाले तरी आम्ही काढतो, पण इंटरनेटवर गेलेलं पूर्ण परत येत नाही हे त्यांना आधीच सांगतो.

आवाज बदलून पाहिला. यंत्रानं आवाज जाड करता येतो, पण नागपूर शहर असलं तरी आमचा धंदा गावाएवढाच आहे. माणूस कोणत्या शब्दावर अडखळतो, कुणाला 'राजा' म्हणतो, यावरून पाचव्या मिनिटाला ओळखू येतो. मग दुसरा उपाय केला. ज्यांना नाव नको त्यांचं बोलणं लिहून काढायचं, ओळखीच्या खुणा काढायच्या आणि एखाद्या नटाकडून किंवा नटीकडून ते वाचून घ्यायचं. वाचणाऱ्याला मूळ माणूस कोण ते सांगायचं नाही. याचा एक फायदा मात्र आम्ही मुळीच धरला नव्हता. एका निवेदिकेनं स्वतःचीच हकिगत दुसरीच्या आवाजात ऐकली आणि वैतागून म्हणाली, "हिले कोणी सुट्टी काऊन देत नाही?" मग स्वतःच गप्प झाली, आणि पुढच्या आठवड्यात समुपदेशकाची वेळ घेतली.

संपादनात आणखी काही गोष्टी ठरत गेल्या. लांब शांतता आपोआप आखूड करणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती मी बंद ठेवते. रडण्याचा आवाज सहसा ठेवत नाही. रडण्यानंतर माणूस जे बोलतो ते ठेवते. आत्महत्येचा विषय निघाला तर पद्धत, जागा, चिठ्ठी यांपैकी काहीही जात नाही, आणि 'अमुक कारणानं केलं' असं एका कारणावर बोट ठेवणारं वाक्यही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची याबाबत मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि प्रेस कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये वर्तमानपत्रांसाठी ती स्वीकारली आहेत. पॉडकास्टला ती लागू नाहीत. आम्ही लावून घेतली.

सर्वाधिक ऐकला गेलेला भाग मात्र रडण्याचा नव्हता, थकबाकीचा होता. एक डिझायनर आणि एक फोटोग्राफर यांना समोर बसवून आम्ही वसुलीबद्दल बोललो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यवसायाचे पैसे द्यायची मुदत लेखी करार करूनही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. हे सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, म्हणजे डिझायनरलाही. तक्रारीसाठी सुलभीकरण परिषद आहे. हे सगळं डिझायनरला माहीत नव्हतं. फोटोग्राफरला माहीत होतं, पण तो म्हणाला, "कायदा दाखवला तर पुढचं काम भेटत नाही." दोन्ही बाजू भागात ठेवल्या. त्यानंतर आलेल्या मेसेजांत 'मला रात्री झोप लागत नाही' असं लिहिणारे बरेच जण होते, आणि त्यांनी पुढच्याच ओळीत थकीत रकमेचा आकडा लिहिला होता.

म्हाताऱ्या कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. २०२४ पासून तिची रक्कम सरसकट महिना ५,००० रुपये झाली. ती पन्नाशीनंतरची गोष्ट. आमच्या खोलीत येणारी बहुतेक माणसं पंचविशी ते पंचेचाळिशीतली असतात. घर, मुलं, आईवडिलांची औषधं, हप्ते सगळं याच वयात, आणि या वयासाठी तसं मानधन नाही. निदान हे वय सगळ्यांचंच असं जातं एवढं ऐकलं तरी खांदे सैल होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

रात्री येणाऱ्या मेसेजांनी मला माझी मर्यादा शिकवली. मी आवाजाचं काम करणारी बाई आहे, डॉक्टर नाही. 'ताई, बोलायचं आहे' असं रात्री दीडला कुणी लिहिलं तर काय करायचं, हे सल्लागारांनी लिहून दिलं आहे आणि ते फोनजवळ चिकटवलेलं आहे. उत्तर द्यायचं, आज जीव धोक्यात आहे का हे सरळ विचारायचं, असेल तर जवळ कोण आहे ते विचारून त्याला जागं करायला लावायचं, आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक द्यायचा. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रत्येक भागाच्या शेवटी मी हा क्रमांक सावकाश, दोनदा म्हणते. सदरहून छिंदवाडा रोडला लागलं की थोड्याच अंतरावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८६४ पासूनचं. ऑटोवाले आजही त्या चौकाला पागलखाना चौकच म्हणतात, आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात आपण दिसू या भीतीनं माणसं महिनोन् महिने घरी बसतात. पाहुण्यांपैकी जे तिथं जाऊन आले त्यांना मी एवढंच विचारते: रांग किती होती, कागद कोणते लागले, डॉक्टर किती वेळ बोलले. धीर देणाऱ्या वाक्यांपेक्षा ही माहिती ऐकणाऱ्याला दारापर्यंत लवकर नेते.

पॉडकास्ट हेही शेवटी माझ्या पाहुण्यांच्या कामासारखंच आहे. आकडे रोज दिसतात. किती जणांनी ऐकलं, कुठल्या मिनिटाला सोडून गेले. मनःस्वास्थ्यावरचा भाग किती चालला हे बघायला मी मध्यरात्री उठायला लागले तेव्हा समुपदेशकानं मला त्याच कॅलेंडरसमोर उभं केलं. आता भाग हंगामानं येतात. थोडे रेकॉर्ड करायचे, प्रसिद्ध करायचे, मग मधले महिने बंद. पावसाळ्यात आम्ही बंद असतो. त्यानं ऐकणारे कमी झाले. ते परत मिळवायच्या युक्त्या सांगणारे खूप आहेत, आणि 'सकारात्मक विचारां'चे वर्ग चालवणारे एक-दोघे प्रायोजकत्व घेऊनही आले होते. त्यांना नाही म्हटलं, कारण महिन्याचा हप्ता थकलेल्या माणसाला सकारात्मक विचार कर म्हणणारी जाहिरात माझ्याच आवाजात गेली असती. खर्च व्हॉइसओव्हरच्या कमाईतून निघतो, निघत नाही तेव्हा भाग लांबतो.

कॅलेंडरनं कुणाचं काम वाढवलं नाही, हेही सांगून टाकते. कीबोर्डवाल्याचा चातुर्मास अजून तितकाच कोरडा असतो. फरक इतकाच की तो आता ज्येष्ठातच डॉक्टरांकडे जातो, आणि हा माणूस आषाढात बिघडतो हे त्याच्या बायकोलाही माहीत आहे. भांडणं होतात, पण ती कशाची आहेत ते दोघांना कळतं.

अकोल्याची, चंद्रपूरची मुलं विचारतात, आम्हालाही असं काही सुरू करायचं आहे, माईक कोणता घेऊ? माईक कुठलाही चालतो. आधी एक मानसोपचारतज्ज्ञ गाठा, जो 'हे प्रसिद्ध करू नका' असं तोंडावर सांगेल. आणि पाहुण्याला पैसे द्या. मुलाखतीचे पैसे देऊ नयेत, असं बातमीदारीत मानतात, त्यामागची कारणं मला समजतात. पण ज्यांच्याकडून सगळं गाव 'एक्स्पोजर'च्या नावाखाली फुकट काम करून घेतं, त्यांचीच दुपार फुकट घेऊन त्यांच्या मनःस्वास्थ्यावर कार्यक्रम करणं मला जमलं नाही. रक्कम लहान असते, ऑटोचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. पाकीट मी रेकॉर्डिंगच्या आधीच हातात देते. नंतर दिलं तर रडल्याचे पैसे दिल्यासारखं होतं. आधी दिलं की माणूस हवं तेवढं बोलतो, आणि काही न बोलता उठून गेला तरी त्याचे पैसे त्याच्याकडेच असतात.